लिफ्ट अशी पडत नसते

‘उल्कावीर थांबतो’ हे जगातलं सर्वश्रेष्ठ कॉमिक आहे, असं ते वाचलेले सगळे म्हणतात, आणि न वाचलेले जरा जास्तच ठासून म्हणतात. मागच्या पानावर थोरामोठ्यांचे अभिप्राय छापले आहेत. एकाने लिहिलंय की हे पुस्तक वाचल्यावर माणूस पूर्वीचा राहत नाही. मी वाचलं. पूर्वीचाच राहिलो. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि दुकानात येणारा प्रत्येक जण ‘मला तसं स्पष्टच दिसतं’ असं सांगत आत येतो. तेव्हापासून लोकांच्या अभिप्रायांवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

माझ्या मेहुण्यांवर मात्र या पुस्तकाने भलताच प्रसंग आणला. मेहुणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो. दाजी जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक होते. कुठे लिफ्ट बंद पडली, दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, आतली माणसं बोंबा मारायला लागली की दाजींना फोन जायचा, आणि दाजी हातातला घास ताटात टाकून निघायचे. कितीतरी माणसांना त्यांनी हात देऊन बाहेर काढलं. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, तेवढ्या काळात बापाची पाठ बघत मोठी झाली. हे वाक्य माझं नाही, ताईचं आहे. ताईला एकच गोष्ट दहादा सांगायची सवय आहे, पण ही तिने एकदाच सांगितली.

बापलेकीचं भांडण नव्हतं. असतं तर चार माणसं मध्ये घालून मिटवता आलं असतं. भाची दूरच्या शहरात नोकरीला होती. फोन दाजींनी उचलला तर ती विचारायची, “बरं आहे ना?” दाजी म्हणायचे, “बरं आहे. आईला देतो.” वर्षानुवर्षं हेच संभाषण चालू होतं, आणि त्यात दोघांपैकी कुणाचं एक अक्षर चुकत नव्हतं.

मग भाचीला परदेशात नोकरी लागली. जाण्याआधी ती थोडे दिवस घरी राहायला येणार होती, आणि स्वतः यायच्या आधी तिने एक पार्सल पाठवलं. आईला शाल, बापाला हे कॉमिक, मामाला काही नाही. पार्सल पोचल्यावर तिचा फोन आला आणि दाजी सवयीने ‘आईला देतो’ म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, “थांबा बाबा. ते पुस्तक वाचा. माझं सगळ्यात आवडतं आहे. मी आले की सांगा कसं वाटलं. आणि खरं सांगा.”

दाजींनी ते बसल्या बैठकीला वाचून काढलं आणि पुस्तक बगलेत मारून माझ्या दुकानात आले. नंबर तपासायच्या खुर्चीवर बसले. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं उगाचच शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली.

“पोरीनं मला विचारलंय,” ते म्हणाले. “आईला नाही. मला. आता मी काय सांगू?”

“तुम्हाला कसं वाटलं?”

“भिकार आहे.”

इथे पुस्तकात काय आहे ते सांगायला हवं. उल्कावीर नावाचा एक महाबली आहे. निळा पोशाख घालून आकाशातून उडतो आणि रोज शहर वाचवतो. त्याचं वय झालंय, गुडघे दुखतात. ही या पुस्तकाची पहिली थोरवी, कारण त्याआधी कुठल्याही महाबलीचे गुडघे दुखले नव्हते म्हणे. सगळ्यात गाजलेला प्रसंग असा, की एका उत्तुंग इमारतीतल्या लिफ्टचा दोर तुटतो, आत एक म्हातारी आणि शाळेची पोरं, लिफ्ट दगडासारखी खाली येते आणि उल्कावीर तळाशी उभा राहून ती एका हातावर झेलतो. मुखपृष्ठावरही तेच चित्र. शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, एक छोटीशी चौकट आहे. तीत त्याची मुलगी बाहेर जायचे बूट घालून घराच्या जिन्यात बसलेली दिसते. प्रत्येक चौकटीत ती थोडी मोठी झालेली असते. शेवटी उल्कावीर काम सोडून घरी येतो, तिच्या शेजारी जिन्यात बसतो, आणि मग कितीतरी पानं कुणी काहीच बोलत नाही. इथे लोक रडतात, असं ऐकून आहे.

“लिफ्ट अशी पडत नसते,” दाजी म्हणाले. त्यांनी मुखपृष्ठ माझ्यासमोर धरलं. “एक तर दोर एकच दाखवलाय. चांगले पाच-सहा असतात. बरं, तुटले सगळे. तर काय होईल? वेग वाढला की लिफ्टच्या खालचे जबडे रुळांना घट्ट धरतात आणि ती जागच्या जागी थांबते. आतल्या माणसानं फक्त गप उभं राहायचं असतं. तेवढंच कुणाला जमत नाही. हा बाबा तिथं गेला नसता तरी एकाच्याही केसाला धक्का लागला नसता.”

“दाजी, तो माणूस उडतो. ते चालतं तुम्हाला?”

“उडू दे. ते त्याचं तो बघेल. लिफ्टचं मी बघणार.”

“आणि मुलगी?”

“जिना अडवून बसते. येण्याजाण्याची वाट असते ती.” मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि जरा वेळाने वेगळ्याच आवाजात म्हणाले, “खरं सांगितलं तर म्हणेल, बाबांना माझं काहीच आवडत नाही. खोटं सांगितलं तर तिला कळेल. लहानपणापासून कळतं तिला. आणि एकदा तिकडं गेली की गेली रे. मग फोनवर ‘बरं आहे ना’ सुद्धा आईलाच विचारेल.”

दाजींच्या डोळ्यांत पाणी मी ताईच्या ऑपरेशनच्या वेळीही पाहिलं नव्हतं. आत्ताही पाहिलं असं म्हणत नाही, कारण ते तक्त्याकडे बघत होते. पण एवढं नक्की, की पुस्तक थोर की भिकार याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना मुलगी हवी होती. मला त्यांची दया आली आणि दया आली की मी हमखास काहीतरी सुचवून बसतो. मी म्हणालो, “आमच्या वाचक मंडळात पुढच्या बैठकीला हेच पुस्तक घेऊ. थोर का म्हणतात ते चार लोकांकडून ऐका. काहीतरी हाताला लागेल.”

आमच्या मंडळाची एक रीत आहे. ती आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. मंडळ दंतवैद्यांच्या दवाखान्यात भरतं, शेवटचा पेशंट गाल धरून गेला की, बाहेरच्या बाकांवर. फार वर्षांपूर्वी एका कादंबरीवरून दंतवैद्य आणि बेकरीवाल्या काकू यांची अशी जुंपली, की काकूंनी त्यांना पाव देणं बंद केलं आणि दंतवैद्यांनी काकूंची अर्धवट कोरलेली दाढ तशीच सोडून दिली. तेव्हा आमच्या अध्यक्ष स्टेनोबाई मध्ये पडल्या. बाईंनी कोर्टात उभा जन्म इतरांची भांडणं लघुलिपीत उतरवण्यात घालवलेला. त्यांनी नियम काढला: ज्याला पुस्तक आवडलं त्याने त्याच्याविरुद्ध बोलायचं आणि ज्याला आवडलं नाही त्याने बाजूने. स्वतःचं खरं मत बैठकीत तोंडातून काढायचं नाही. कुणी काढलंच तर बैठक तिथल्या तिथे बरखास्त. त्या दिवसापासून मंडळात आवाज चढलेला नाही. स्वतःविरुद्ध बोलायची पाळी आली की माणूस आपोआप सभ्य होतो.

ज्याला पुस्तक आवडलंही नाही आणि नावडलंही नाही, त्याने चहा करायचा असतो. बहुतेक बैठकांना चहा मीच करतो.

दाजींना मी नियम समजावला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला.

“म्हणजे मला ते चांगलं आहे म्हणून सांगावं लागणार?”

“हो.”

“खोटं?”

“नियमानं.”

त्यांनी विचार केला. “बरं झालं,” म्हणाले, “पोरीला सांगायची रंगीत तालीम होईल.”

तालमीसाठी ते भलतेच कामाला लागले. माझ्याकडून एक भिंग घेऊन गेले. ताईचा फोन आला, की म्हातारपणी नवऱ्याला कॉमिकचं खूळ लागलंय, खिडकीत बसून एकेक चित्र असं बघतोय की मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा बघितलं नसतं. मी तिला म्हणालो, बघू दे. ती म्हणाली, बघू दे म्हणायला तुझं काय जातं, आमटी माझी करपते.

बैठकीच्या संध्याकाळी आम्ही मोजून पाच जण होतो. अध्यक्षांच्या जागी स्टेनोबाई, वही-पेन्सिल घेऊन. बाई सगळं लघुलिपीत उतरवतात आणि ते त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही, त्यामुळे आमच्या मंडळाचा इतिहास अत्यंत निर्मळ आहे. एका बाकावर दंतवैद्य, समोर बेकरीवाल्या काकू, त्यांच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले दाजी. दाराजवळच्या टेबलावर किटली आणि मी. कोपऱ्यात काचेच्या पेटीत मासे.

आधी दंतवैद्य उठले. या माणसाचा ‘उल्कावीर थांबतो’ वर जीव आहे. आतल्या खोलीत खुर्चीच्या वर छताला त्यांनी त्यातलं एक पान मोठं करून चिकटवलंय, म्हणजे पेशंटला आ वासून दुसरं काही बघताच येत नाही. आता त्यांना त्याच पुस्तकाविरुद्ध बोलायचं होतं.

“रंग,” ते म्हणाले. “रंग भडक आहेत. म्हणजे निळा तसा भडक नाही, निळा अप्रतिम...”

स्टेनोबाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली.

“निळा वाईट आहे,” दंतवैद्य म्हणाले. “शेवटची पानं मुकी आहेत. लेखकाला काही सुचलं नसावं. त्यानं पूर्ण पैसे घेतले आणि चित्रकाराला राबवलं. बुवा, महाबली म्हातारा होतो यात नवल ते काय? आपण सगळेच होतो. त्याचं पुस्तक कशाला काढायचं?” एवढं बोलून ते खाली बसले आणि त्यांनी गालाला हात लावला. भूल न देता स्वतःची दाढ उपटल्यासारखे दिसत होते.

मग काकू. काकूंचं खरं मत मला माहीत होतं, कारण ते त्यांनी बेकरीच्या काउंटरवरून निम्म्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं: गुडघे दुखायला मी आहे की घरात, हिरोनं उडावं. पण नियम तो नियम.

“पुस्तक फार खोल आहे,” काकू म्हणाल्या. “इतकं खोल की मला काही तळ दिसला नाही, पण असणार. कागद चांगला जाड आहे. आणि प्रभाव म्हणाल तर केवढा! हे यायच्या आधी सगळे हिरो हसतखेळत मारामाऱ्या करायचे. हे आलं आणि एकजात सगळे तोंड पाडून पावसात उभे राहायला लागले. एका पुस्तकानं एवढी माणसं दुःखी करायची म्हणजे खायचं काम नाही.”

“हे बाजूनं आहे का विरुद्ध?” स्टेनोबाईंनी विचारलं.

“बाजूनं,” काकू म्हणाल्या. “बाजूनंच बोलतेय मी.”

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

मग दाजी उठले, आणि सगळ्यांकडे पाठ केली. आम्हाला वाटलं, चालले. पण ते आतल्या खोलीच्या बंद दारासमोर जाऊन उभे राहिले. “मला असंच जमतं,” ते मागे न बघता म्हणाले. “इतकी वर्षं बंद दारालाच बोलत आलोय. आत माणूस असतो, बाहेर मी असतो. तोंड समोर आलं की माझी बोबडी वळते.”

“काही हरकत नाही,” स्टेनोबाई म्हणाल्या. “दाराकडे बघून बोला, पण मोठ्यानं बोला.”

त्याच वेळी माझ्या शेजारचं बाहेरचं दार हळूच उघडलं आणि बॅग खांद्याला लावून भाची आत आली. ती दुसऱ्या दिवशी यायची होती. नंतर कळलं की एक दिवस आधीचं तिकीट मिळालं म्हणून ती तडक आली, आणि ताईने तिला सांगितलं की बाबा मामाबरोबर दातांच्या दवाखान्यात आहेत. ताईने एवढंच सांगितलं. पोरीच्या चेहऱ्यावर काळजी होती. तिने बापाला भिंतीशी, बंद दारासमोर उभं बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवून तिला खुणेने थांब म्हटलं. दुसरं काय करणार? दाजींनी बोलायला सुरुवात केली होती.

“हे पुस्तक चांगलं आहे,” दाजी दाराला म्हणाले. “आधी मला वाटलं होतं, काढणाऱ्याला लिफ्टमधलं ओ का ठो कळत नाही. मग मी भिंगानं बघितलं. लिफ्टच्या खाली जबडे काढलेत. बारीक आहेत, पण आहेत. रूळ पण आहेत. म्हणजे त्याला माहीत होतं की ही लिफ्ट पडणार नाही. मग उल्कावीरला पण माहीत असणार. एवढी वर्षं धंद्यात आहे माणूस. त्याला पक्कं ठाऊक आहे, आपण गेलो नाही तरी चालतंय. तरी तो जातो. का जातो?”

दंतवैद्य पुढे सरकून बसले होते.

“कारण तिथं काय करायचं ते त्याला येतं,” दाजी म्हणाले. “दार उघडायचं, हात द्यायचा, घाबरू नका, दोन मिनिटं थांबा म्हणायचं. माणूस बाहेर आला की म्हणतो, अगदी देवासारखे आलात. घरी कुणी तसं म्हणत नाही. घरी पोरगी बूट घालून जिन्यात बसलेली असते. तिच्याशी काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. तिला पण तेच सांगतो, दोन मिनिटं थांब. ती थांबते. आपण आलो की तिचे बूट एक नंबर मोठे झालेले असतात. असं केव्हा झालं ते कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. म्हणून मग वाटतं, फोन वाजावा. वाजला की बरं वाटायचं मला.” ते थांबले. “म्हणजे त्याला. उल्कावीरला. तर हे सगळं या पुस्तकानं एक शब्द न बोलता दाखवलंय. म्हणून लोक त्याला थोर म्हणतात ते बरोबरच आहे. संपलं माझं.”

मी इतकी वर्षं मंडळात चहा करतोय, पण बोलणाऱ्याला टाळी पडलेली कधी ऐकली नव्हती. काकूंनी टाळी वाजवली. भाचीची बॅग खांद्यावरून घसरून खाली आली होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली.

दाजी गर्रकन वळले. तिला बघून त्यांचे कान लाल झाले. शाळेत पकडलेल्या पोराचे होतात तसे.

“बाबा, तुम्हाला इतकं आवडलं?” ती हसत होती, आणि डोळे भरले होते. ती लहान असताना मी तिला असं हसताना बघितलं होतं, त्यानंतर नाही.

आता दाजींनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. किंवा काहीच न बोलता उभे राहिले असते तरी. पण त्यांच्या आधी दंतवैद्य बोलले. पाहुणी आली, वाचणारी दिसते, म्हणून त्यांना भारी आनंद झाला होता.

“छे छे! त्यांना अजिबात आवडलेलं नाही!” ते म्हणाले. “आमची रीतच आहे ती. ज्याला पुस्तक आवडत नाही तोच बाजूनं बोलतो. जेवढं नावडतं तेवढं चांगलं बोलावं लागतं. आणि काय बोलले! इतकं सुंदर खोटं आमच्या मंडळात आजवर कुणी बोललं नव्हतं.”

दंतवैद्य माणूस वाईट नाही. पण कुठे दुखतंय ते शोधायची त्यांना सवयच झाली आहे, आणि सापडलं की ते तिथेच टोचतात.

भाचीचं हसू गेलं. रडली नाही, रागावली नाही. चेहरा फोनवरच्या ‘बरं आहे ना’ सारखा झाला. “अच्छा,” ती म्हणाली. “खेळ होता होय. छान आहे.” तिने बॅग उचलली. “मी घरी जाते. आई वाट बघत असेल.”

मला दंतवैद्यांना किटलीने मारावंसं वाटलं. त्याहून जास्त दाजींना ओरडून सांगावंसं वाटलं, की बोला, आत्ता बोला, नाहीतर ही पोरगी या दारातून जी जाईल ती थेट विमानात बसेल. पण आपल्या माणसाच्या तोंडात शब्द घालता येत नाहीत.

“अध्यक्षबाई,” दाजी म्हणाले, “मला खरं बोलायचंय.”

“बैठकीत नाही,” स्टेनोबाई म्हणाल्या. “बैठक बरखास्त होईल.”

“होऊ दे.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, दारातल्या मुलीकडे बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली. “झाली,” त्या म्हणाल्या.

दाजी बोलायला म्हणून पुन्हा त्या बंद दाराकडे वळले. मग थांबले. पोरगी दुसऱ्या दारात उभी होती, ते दार उघडं होतं. ते परत फिरले आणि तिच्या समोर येऊन उभे राहिले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.

“मला पुस्तक आवडलं नाही,” ते म्हणाले. “तू खरं सांगा म्हणालीस.”

“ठीक आहे बाबा. आवडायलाच पाहिजे असं काही नाही.”

“पण मघाशी जे बोललो...”

“ते नियमानं बोललात. कळलं मला.”

“पुस्तक थोर आहे म्हणालो, ते नियमानं. फोन वाजला की बरं वाटायचं म्हणालो, ते नाही.”

बॅग खांद्यावर असतानाच ती म्हणाली, “एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“मी शिकायला गेले ना, पहिल्यांदा, त्या दिवशी तुम्ही मला गाडीत बसवून द्यायला येणार होतात. निघता निघता फोन आला. तुम्ही म्हणालात, लिफ्टमध्ये बाई अडकलीय, दिवस भरलेत तिचे. आणि गेलात.” तिचा आवाज अगदी सरळ होता, बापासारखाच. “मला त्या बाईवर रागावतासुद्धा आलं नाही. कसं रागावणार? हॉस्टेलवर सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या बाबांनी एका बाईला वाचवलं म्हणून. अजून सांगते. तिला काय झालं बाबा? मुलगा झाला की मुलगी?”

काकूंनी पदर तोंडाशी नेला. दंतवैद्य आपल्या चपलांकडे बघत होते. दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मलाही ती बाई खरीच वाटत आली होती. मीही ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली होती.

“कुणी नव्हतं,” दाजी म्हणाले. “लिफ्ट रिकामी होती. दुसऱ्या दिवशी गेलो असतो तरी चाललं असतं.”

“मग गेलात कशाला?”

“तू गाडीत बसल्यावर मी रडलो असतो. तुझ्यासमोर.” त्यांनी नाक पुसलं. “म्हणून गेलो. तिथं कुणी नव्हतं. तिथं रडलो.”

माशांच्या पेटीतलं पाणी तेवढं वाजत होतं. भाचीने बॅग खाली ठेवली, बाकावर पेशंट बसतात तिथे बसली आणि दोन्ही तळव्यांनी तोंड पुसून घेतलं. मग बापाकडे मान वर करून बघितलं.

“म्हणजे पुस्तक तुम्हाला कळलंय,” ती म्हणाली.

“कळलं,” दाजी म्हणाले. “म्हणून तर आवडलं नाही.”